हे दाताचंच दुखणं आहे का? दुर्मिळ आणि नव्याने दिसणाऱ्या आजारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याजवळ माझा दाताचा दवाखाना आहे. वीसेक वर्षांत माझ्याकडे असे बरेच रुग्ण आले, ज्यांची तक्रार दाताची होती पण आजार दाताचा नव्हता. त्यातले काही आजार हजारांत एखाद्याला होणारे, काही अलीकडेच आपल्या भागात दिसायला लागलेले. या लोकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले प्रश्न मी एका वहीत टिपत गेले. त्यांची उत्तरं इथे आहेत. ही वाचून कुणी स्वतःचं निदान स्वतः करू नये, आणि चालू औषध तर मुळीच बंद करू नये. योग्य दारापर्यंत लवकर पोहोचता यावं एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

‘दुर्मिळ’ म्हणजे किती दुर्मिळ?

जागतिक आरोग्य संघटना साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी लोकांना होणाऱ्या आजाराला दुर्मिळ म्हणते. युरोपात हे प्रमाण २,००० मागे १ धरतात. भारताने असा आकडा ठरवलेला नाही, आपल्या धोरणात आजारांची यादी आहे. असे आजार ७,००० च्या आसपास मानले जातात. एकेकाचे रुग्ण मोजके असले तरी सगळे मिळून रुग्णांची संख्या मोठी होते. बहुतेक आजार जनुकीय असतात आणि लहानपणीच डोकं वर काढतात.

आणि ‘नव्याने दिसणारे’ म्हणजे?

जे आधी नव्हतेच, किंवा होते पण आपल्याकडे फारसे दिसत नव्हते, किंवा ज्यांना नाव नव्हतं. २०२१ मध्ये काळी बुरशी आली, त्याआधी ती मी पुस्तकाबाहेर पाहिलीच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार जुनाच आहे, पण एका भागात एवढे रुग्ण एकाच वेळी पाहण्याची सवय कुणाला नव्हती. चांदीपुरा विषाणूचं नावच मुळी नागपूरजवळच्या गावावरून पडलं. १९६५ मध्ये तो तिथे सापडला आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा मुलांचे जीव घेतले. व्हेक्सास नावाचा आजार २०२० मध्ये ओळखला गेला. पन्नाशीपुढच्या पुरुषांना वारंवार ताप, सूज, रक्तपेशी कमी होणं असा तो त्रास. त्याआधीही लोकांना तो होत असणारच, निदानाच्या रकान्यात दुसरंच काही लिहिलं जात असणार.

या सगळ्यात दाताच्या डॉक्टरचा काय संबंध?

खूप संबंध आहे, आणि हे पान लिहायचं खरं कारण तेच. तोंडाच्या आतलं अस्तर आरशात दिसतं, हिरडी हाताला लागते, दात हलला तर लगेच कळतं. पोटातलं किंवा रक्तातलं काही बिघडलेलं इतक्या लवकर दिसत नाही. रक्ताच्या काही कर्करोगांत हिरड्या सुजून दातांवर चढतात आणि रुग्ण ‘पायरिया झालाय’ म्हणून येतो. पेम्फिगस या त्वचेच्या आजारात बहुतेकांना पहिले फोड तोंडातच येतात, अंगावर यायला कधी कधी महिने जातात. तोवर तो माणूस बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल यांवर काढतो. माझा साधा नियम आहे: तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर त्याची नीट तपासणी व्हायलाच हवी, गरज पडली तर तुकडा काढून. पेम्फिगसचा संशय असेल तर तो तुकडा फोडाच्या शेजारच्या भागातून घ्यावा लागतो आणि त्याचा एक भाग वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो. नेहमीच्या फॉर्मलिनच्या बाटलीत सगळं टाकलं तर हवी ती तपासणी होत नाही आणि बायोप्सी पुन्हा करायची वेळ येते. पाठवण्याआधी लॅबला एक फोन करायला सांगा.

पण हे सगळं दिसण्यासाठी एक गोष्ट तुम्ही करायला हवी. दाताच्या डॉक्टरला अंगातलं सांगा आणि फिजिशियनला तोंडातलं. ‘सांधे दुखतात ते दाताच्या डॉक्टरला कशाला सांगायचं’ असं वाटून लोक गप्प बसतात. मग दोन अर्ध्या गोष्टी दोन फायलींत पडून राहतात आणि निदान लांबतं.

आमच्या तीन वर्षांच्या मुलाचे पुढचे दात पडले. तो पडलाबिडला नव्हता, कीडही नव्हती. काळजी करावी का?

पडलेला दात जपून ठेवला असेल तर घेऊन या. एरवी दुधाच्या दाताचं मूळ झिजतं आणि मग तो पडतो. पाच वर्षांच्या आत, मार न लागता, अख्ख्या मुळासकट दात पडला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

एक शक्यता हायपोफॉस्फेटेशियाची असते. यात दात हाडाला धरून ठेवणारा थर नीट तयार होत नाही आणि हाडंही कमजोर राहतात. याची पहिली तपासणी अगदी स्वस्त आहे, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज. मेख अशी की वाढत्या मुलांत हे प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असायला हवं. रिपोर्टवर मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असेल तर मुलाचा कमी आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. शिवाय आपण सगळे रिपोर्टमध्ये वाढलेला आकडा शोधतो, कमी झालेल्याकडे लक्ष जात नाही. तेव्हा मुलाच्या वयाची मर्यादा विचारून घ्या. आणि पाय वाकडे दिसतात म्हणून ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस आपल्या मनाने देऊ नका. मुडदूस असेल तर ते औषध आहे, पण या आजारात त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून त्रास होऊ शकतो.

दुसरी शक्यता पॅपिलॉन-लफेव्र सिंड्रोमची. दात येतात छान, आणि तीनचार वर्षांचं होईतो हिरड्या सुजून एकेक हलायला लागतो. अशा वेळी मी मुलाचे तळहात आणि तळपाय बघते. तिथली कातडी जाड, खरखरीत, भेगाळलेली असेल तर उत्तर जवळपास समोर असतं. आईला त्या पायांची तक्रार वेगळी वाटत असते, ती त्वचेच्या डॉक्टरांकडे मलम आणायला गेलेली असते.

आणि दात आलेच नाहीत तर?

एखादा दात जन्मतः नसणं हे नवलाचं नाही. पण बरेच दात नसणं, आहेत ते सुळ्यासारखे टोकदार असणं, केस विरळ असणं आणि मुलाला घाम न येणं, हे सगळं एकत्र असेल तर एक्टोडर्मल डिस्प्लेझियाचा विचार करावा लागतो. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली होती. दहा पुरुषांना जेमतेम थोडे दात, केस कमी, उन्हाळ्यात जिवाची काहिली. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना तो होई. जनुक हा शब्दही जन्माला आला नव्हता तेव्हाचं हे निरीक्षण आहे.

यात दातांपेक्षा घामाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. घाम नाही म्हणजे अंग थंड करायची सोय नाही. अशा बाळाला एप्रिल-मेमध्ये ‘कारण न सापडणारा ताप’ येतो आणि अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक दिलं जातं. ओला पंचा, पाण्याची फवारणी, शाळेत पंख्याखालची जागा, दुपारच्या मैदानातून सूट, एवढं शिक्षकांशी बोलून ठरवलं तरी मूल बरंच सुखी होतं. दातांची कवळी तीनचार वर्षांच्या वयातही बसवता येते आणि जबडा वाढेल तशी बदलावी लागते. त्या वयात कवळी म्हटलं की आजीआजोबांना धक्का बसतो. पण मूल चावून खायला लागलं, स्पष्ट बोलायला लागलं, वर्गाच्या फोटोत हसायला लागलं की तेच पुढच्या भेटीला त्याला घेऊन येतात.

रूट कॅनल झालं, शेवटी दाढही काढली, तरी कळ जात नाही. असं कसं?

या प्रश्नापाशी मला थांबावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका काकूंची खालची दाढ काढली. एक्स-रेमध्ये थोडी कीड होती, त्यांना वेदना असह्य होती, मला कारण सापडलं असं वाटलं. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, कळ तशीच होती. मग मी त्यांना आधीच विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. कळ किती वेळ टिकते? ‘वीज चमकल्यासारखी, लगेच जाते, पण दिवसातून वीस वेळा.’ कशाने येते? ‘तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी.’ रात्री झोपेतून जाग येते का? ‘नाही.’ तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होता, चेहऱ्याच्या शिरेचं, म्हणजे मज्जातंतूचं दुखणं. त्यांची दाढ मी विनाकारण काढली होती. ते मला आजही लागतं.

किडलेल्या दाताचं दुखणं ठणकत राहतं, गरम-थंड लागलं की वाढतं, रात्री आडवं पडलं की जास्त होतं. शिरेची कळ काही सेकंदांची, फार तर दोनेक मिनिटांची असते आणि नुसत्या स्पर्शाने उठते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला असते. निदान बरंचसं तुमच्या वर्णनावरूनच होतं. कारण शोधायला एमआरआय करतात. कार्बामाझेपीन या औषधाने बहुतेकांना आराम पडतो, मात्र ते न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली, रक्तातलं सोडियम आणि पेशी तपासत घ्यावं लागतं. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. औषध पुरेनासं झालं तर शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. चाळिशीच्या आतल्या व्यक्तीला किंवा दोन्ही बाजूंना अशी कळ येत असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिससारखं (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) दुसरं कारण नाही ना, हे पाहतात.

साखर जास्त आहे आणि वरचे दात अचानक हलायला लागले. हिरडीचंच असेल ना?

मधुमेहात हिरड्यांचा त्रास होतोच, पण तो महिनोन्‌महिने वाढत जातो. चारआठ दिवसांत वरचे शेजारशेजारचे दात हलायला लागले, गाल बधिर झाला, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव येतो, टाळूवर काळा डाग दिसतो, डोळा सुजतो किंवा एकाचे दोन दिसतात, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. हे म्युकरमायकोसिस, म्हणजेच काळी बुरशी, असू शकतं. आज म्हणजे आज, रात्र असली तरी कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा.

२०२१ च्या जूनअखेर देशात या आजाराच्या ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. कोविड, अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड हे तिन्ही एकत्र आलेले रुग्ण त्यात फार होते. ती लाट गेली तरी बुरशी गेलेली नाही. मधुमेह बळावलेल्या, अवयवरोपण झालेल्या, केमो चालू असलेल्या लोकांना ती आजही होते. उपचार म्हणजे मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणं, अँफोटेरिसिन इंजेक्शन आणि साखर ताब्यात आणणं, हे सगळं एकाच वेळी. त्या काळात वरचा जबडा गमावलेले काही जण आज कृत्रिम टाळू बसवून जेवतात, बोलतात. तो कृत्रिम भाग दातांच्या महाविद्यालयांत प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात बनवतात. तिकडे जायला उशीर झाला असं समजून कुणी घरी बसलं असेल तर कृपया बसू नका.

आईला हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन चालू आहे. तिची दाढ काढायची आहे. चालेल?

कोणतं इंजेक्शन ते आधी सांगा. झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब घेणाऱ्यांमध्ये दात काढल्यावर कधी कधी जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. आठ आठवड्यांहून जास्त तसं राहिलं तर त्याला औषधामुळे होणारा हाडाचा मृत भाग म्हणतात. पहिले अहवाल २००३ च्या सुमाराचे, म्हणजे वैद्यकाच्या हिशेबात नवाच आजार. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये हा धोका बराच कमी असतो, कर्करोगासाठी वारंवार आणि मोठे डोस चालू असतात तेव्हा जास्त.

माझी कळकळीची विनंती दोन गोष्टींची. इंजेक्शन सुरू होण्याआधी दातांची तपासणी करून काढायचे ते दात काढून घ्या. आणि दातासाठी म्हणून डेनोसुमॅब परस्पर थांबवू नका. ते अचानक सुटलं तर मणके दबून मोडू शकतात. तारखा दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवाव्यात.

दात काढल्यावर दोन दिवस रक्त थांबलं नाही. आता थांबलंय. विसरून जाऊ?

नाही. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, सौम्य असेल तर तो पहिल्यांदा अशाच वेळी कळतो. फॉन विलेब्रांड हा तसाच दुसरा आजार तर स्त्रियांमध्येही असतो आणि ‘पाळीत जास्त जातं, आमच्याकडे सगळ्यांनाच जातं’ म्हणून वर्षानुवर्षं झाकला जातो. रक्तस्रावाची तपासणी करून घ्या. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. निदान झालं की पुढचे दात सुरक्षितपणे काढता येतात, आधी फॅक्टर (रक्त गोठवणारा घटक) किंवा औषध देऊन, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या चुळा भरून. निदान नसतं तेव्हाच खरा धोका असतो.

पावसाळ्यानंतर ताप आला, छातीत डाग दिसला, टीबीचं औषध सुरू केलं, पण उतार नाही.

कफात टीबीचा जंतू प्रत्यक्ष सापडला होता का, की एक्स-रे पाहून औषध सुरू झालं, हे विचारा. न सापडता सुरू झालं असेल तर मेलिऑयडोसिसचं नाव काढून पाहा. याचा जंतू माती-पाण्यात राहतो. पावसात चिखलात काम करणारे आणि मधुमेह असणारे याला जास्त बळी पडतात. मुरबाड-शहापूरकडे भाताच्या शेतात उतरणाऱ्या किंवा सुट्टीत गावी लावणीला गेलेल्या माणसाने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. फुप्फुस, यकृत, प्लीहा, सांधे, मुलांत कानाजवळची लाळग्रंथी, कुठेही गळू होतो आणि तो टीबीसारखा किंवा साध्या पुवासारखा भासतो. निदान कल्चरने, म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून होतं. पण प्रयोगशाळेला संशय कळवला नसेल तर हा जंतू ‘स्यूडोमोनास’ या दुसऱ्याच जंतूच्या नावाखाली निसटू शकतो. आधी शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस इंजेक्शनं आणि नंतर तीन ते सहा महिने गोळ्या, असा उपचार असतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उलटतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. घरचे म्हणतात बाहेरचं आहे.

मनाचे आजारही खरे आजार असतात, त्यांना कमी लेखू नका. पण काही खुणा दिसल्या तर मेंदूचे डॉक्टर हवेतच. धडधाकट तरुण मुलगी आठपंधरा दिवसांत विचित्र वागायला लागते, झोपत नाही, तोंड वेडंवाकडं हलवते, दात इतके आवळते की ओठ-जीभ चावली जाते, झटका येतो: हा मेंदूचा स्वप्रतिकारी दाह असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते. एनएमडीए ग्राहकाविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा हा आजार २००७ मध्ये नेमका ओळखला गेला. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण सावरतात. अंगारे-धुपारे करण्यात गेलेले आठवडे मात्र परत येत नाहीत.

दुसरं उदाहरण शाळकरी मुलांचं. अक्षर बिघडतं, हात थरथरतो, लाळ गळते, बोलणं अडखळतं आणि शिक्षक म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. विल्सन आजारात शरीरात तांबं साठतं. रक्त-लघवीच्या तपासण्या आणि डोळ्यांची स्लिट-लँप तपासणी यांवरून दिशा मिळते. तांबं काढणारी औषधं आणि झिंक आयुष्यभर घ्यावं लागतं. लवकर सापडला तर मूल पुन्हा नीट लिहू लागतं.

डॉक्टरांपुढे सगळं सांगायला वेळच मिळत नाही. काय करावं?

एक पान लिहून न्या, दोन नको. माझ्याकडे लोक चार किलोची पिशवी घेऊन येतात. तिच्यात सगळं असतं, पण हवं ते पाच मिनिटांत सापडत नाही.

त्या पानावर सगळ्यात वर एक वाक्य लिहा, सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे ते. मग कधी काय सुरू झालं ते महिना-वर्षासकट, क्रमाने. ‘खूप दिवसांपासून’ असं नको, ‘२०२२ च्या गणपतीत पहिल्यांदा’ असं चालेल. त्याखाली कोणती औषधं घेतली आणि कशाने फरक पडला किंवा पडला नाही. शेवटी घरातली माहिती: असा त्रास मामाला, काकाला, दगावलेल्या एखाद्या बाळाला होता का, आणि आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे का. घरातली ही माहिती आत्याला किंवा मोठ्या मावशीला जास्त असते, तिला आधी फोन करा.

त्रास येतो-जातो असा असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. झटका, थरथर, अंगावरचं पुरळ डॉक्टरांसमोर कधीच येत नाही. इंटरनेटवर काही वाचलं असेल तर तेही सांगा, फक्त ‘मला हाच आजार आहे’ ऐवजी ‘हा असू शकतो का, आणि नसेल तर का नाही’ असं विचारा.

ठाणे-नवी मुंबईतून नेमकं जायचं कुठे?

मुलाचा प्रश्न असेल तर सुरुवात जवळून होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. अंगणवाडी किंवा शाळेतल्या पथकाने चिठ्ठी दिली असेल तर ती फेकू नका. ठाण्यात कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. नवी मुंबईत नेरूळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात दातांची महाविद्यालयं आहेत, तिथे तोंडाच्या आजारांचा आणि बायोप्सीचा वेगळा विभाग असतो. तोंडातल्या न समजणाऱ्या व्रणासाठी मी रुग्णांना आधी तिथेच पाठवते, कारण एकाच इमारतीत पाच विषयांचे लोक एकत्र बघू शकतात. कर्करोगाचा संशय असेल तर खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे.

जनुकीय आजाराचा संशय पक्का होत चालला की परळ. केईएम हे केंद्र सरकारच्या धोरणातलं दुर्मिळ आजारांचं उत्कृष्टता केंद्र आहे, आणि जवळच मुलांसाठी वाडिया रुग्णालय. ठाण्याहून स्लो लोकलने थेट परळला उतरा. नवी मुंबईकरांनी हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलावी. केस पेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर पोहोचा, मुलासाठी खाणं-पाणी जवळ ठेवा आणि दोन मोठी माणसं जा, म्हणजे एक रांगेत आणि एक मुलाजवळ राहील.

जनुकीय चाचणी केली की उत्तर मिळतंच ना?

नेहमी नाही, आणि हे चाचणीआधी कुणीतरी सांगायला हवं. हल्ली बहुधा एक्झोम चाचणी करतात. आपल्या जनुकसंचाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग ती वाचते, पण आजार घडवणारे बहुतेक ज्ञात बदल त्याच भागात असतात. तरीही अनेकांच्या हाती ठोस उत्तर येत नाही. मुलासोबत आईवडिलांचे नमुने दिले तर उत्तर मिळायची शक्यता वाढते.

रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं लिहून आलं तर घाबरू नका आणि आनंदूही नका. त्याचा अर्थ एवढाच की हा बदल आजार करतो की निरुपद्रवी आहे, हे आज कळत नाही. अशा बदलावरून गर्भधारणेचा किंवा गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. एकदोन वर्षांनी तीच माहिती पुन्हा तपासून घ्या. दरम्यान नवं काही कळलेलं असू शकतं, आणि रक्त पुन्हा द्यावं लागत नाही. चाचणीआधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलायला मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

सासरचे म्हणतात सुनेकडून आलंय. खरंच दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. हे मी दवाखान्यातही मोठ्याने सांगते, सासूबाई समोर असल्या तरी. अनेक आजारांत सदोष जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडून येते, दोघेही स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुखरूप, असा त्याचा अर्थ होत नाही. मामेबहीण-आतेभाऊ अशा लग्नात दोघांकडे तोच बदल असण्याची शक्यता वाढते. काही बदल तर कुणाकडूनच येत नाहीत, मुलातच नव्याने घडतात.

निदान पक्कं असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासून सांगता येतं. म्हणून दिवस राहण्याआधी भेटा. गर्भात गंभीर व्यंग आढळलं तर २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं.

एवढा खर्च कसा झेपायचा?

राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. २०२२ पासून यादीतल्या कोणत्याही गटातल्या आजारासाठी उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज केंद्रामार्फतच जातो, तेव्हा मध्ये कुणी ‘करून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला आयात केलेल्या औषधांवर १ एप्रिल २०२३ पासून सीमाशुल्क माफ आहे. काही आजारांची औषधं दरवर्षी आणि आयुष्यभर लागतात, त्यांना ही रक्कम पुरत नाही. हा अन्याय आहे, आणि रुग्णांचे पालक त्यासाठी न्यायालयापर्यंत लढत आले आहेत.

रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, स्नायूंचा क्षय आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात, तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. पुढे शाळा, परीक्षा, प्रवास या सगळ्यात ते लागतं.

‘यावर उपचार नाही’ असं सांगितलं. मग घरी बसायचं?

मूळ आजारावर औषध नसलं तरी करण्यासारखं बरंच असतं. फिजिओथेरपीने सांधे आखडायचे थांबतात, गिळण्याचं प्रशिक्षण दिलं तर न्यूमोनिया टळतो, हृदय आणि श्वासाची वेळेवर तपासणी झाली तर वर्षं वाढतात. आणि दात. या मुलांच्या दातांकडे सगळ्यात शेवटी बघितलं जातं. गोड सिरप, पातळ मऊ खाणं आणि तोंड उघडायला होणारा त्रास यांनी दात भराभर किडतात. ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही ते मूल जेवणच सोडतं, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. दर तीन महिन्यांनी दात दाखवा. व्हीलचेअर आत येईल का, हे दवाखान्याला आधी फोन करून विचारा.

रात्री-अपरात्री अनोळखी रुग्णालयात न्यावं लागलं तर?

त्यासाठी आजच एक कार्ड करा. त्यावर आजाराचं नाव मराठीत आणि डॉक्टर वाचतात त्या स्पेलिंगमध्ये, चालू औषधं, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि सर्वांत ठळक अक्षरांत काय करू नये ते. हिमोफिलिया असेल तर ‘स्नायूत इंजेक्शन नको, अॅस्पिरिन नको’. दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल तर ‘अचानक बंद करू नये’. चयापचयाचा आजार असलेल्या मुलासाठी ‘उपाशी ठेवू नये’, आणि डॉक्टरांनी लिहून दिली असेल ती सलाइनची सूचना. मजकूर तुमच्या डॉक्टरांकडून तपासून सही घ्या आणि प्लास्टिकमध्ये घालून प्रती करा. एक पाकिटात, एक शाळेच्या दप्तरात, आणि एक आजीच्या पर्समध्ये, कारण आईबाबा लोकलमध्ये असतात तेव्हा मूल तिच्याजवळ असतं.